पाण्याची हाक

सोनालीनं बापाचा आवाज विकला, असं आमच्या गल्लीत बोललं जात होतं.

कुणी सुरू केलं ते विचारू नका, कारण गोदावरी आत्या आमच्याच घरात राहतात. आत्यांची सांगायची रीत ठरलेली आहे. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग पदर तोंडाशी धरायचा आणि दोन्ही शेजारच्या घरांत नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायचं, "मला काही बोलायचं नाही बाई. कानावर आलं ते सांगते. बाप बिचारा मुका झाला, आणि ही त्याचा आवाज कंपनीला देऊन मोकळी." नवी पेठेत जाईपर्यंत ती कंपनी अमेरिकेची झाली. जुळे सोलापुरात पोचेपर्यंत बापाचा, म्हणजे बिरुदेवचा, आवाज कुठल्याशा लिफ्टमध्ये 'कृपया दार बंद करा' म्हणायला लागला होता.

खरं असं, की आवाज कुणी विकला नाही. तो एका डब्यात आहे आणि डबा गावाकडच्या वस्तीवर सोनालीच्या आईच्या, मायाक्काच्या उशाशी आहे. विकण्याची गोष्ट या हकिगतीत येते, पण ती आवाजाची नाही.

सोनाली आमच्या माडीवर भाड्यानं राहते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ईरप्पा शेट म्हणून आहेत, त्यांच्या कारखान्यात काम करते. डेअरीत दूध ओतलं की यंत्रातली एक बाई 'फॅट चार पॉइंट दोन' असं बोलते ना, ती यंत्रं तिथं होतात. सोनाली त्यांच्या पोटातलं काम बघते. कसलं काम, असं आत्यांनी एकदा विचारलं, तेव्हा तिनं अक्कलकोटकडच्या लग्नाचा दाखला दिला होता. मुलीकडचे कानडी, मुलाकडचे मराठी, मधे एक मामा बसलेला असतो आणि इकडचं तिकडं सांगत असतो. यंत्राच्या आत कर्नल नावाचा कारभारी असतो. वजनाची चिप, आवाजाची चिप, बटणं, सगळी त्याच्याशी आपापल्या भाषेत बोलतात आणि त्याला त्यातली एकही येत नाही. मधे जो मामा बसवायचा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सोनाली असले मामा लिहिते. लिहायचं, त्याचं मोड्यूल, म्हणजे एक गाठोडं, बांधायचं, बोर्डावर चढवायचं, कोसळलं की का कोसळलं ते वाचायचं, पुन्हा बांधायचं. "मामानं एक शब्द चुकीचा सांगितला की वरात उलटी फिरते," ती म्हणाली. आत्या म्हणाल्या, "म्हणजे गाडी नाही चालवत?"

पण मुळात ती मेंढरामागची पोर. माळशिरसच्या पलीकडं, कॅनॉल जिथवर पोचला नाही त्या बाजूला, माळावर त्यांची वस्ती आहे. बाप बिरुदेव बोलायला कंजूष आणि हाकेला उधळा. घरात दिवसभरात चार शब्द बोलला तर मायाक्का म्हणायची, "आज लई भाषण झालं." पण माळावर तो उभा राहून हाक द्यायचा तेव्हा पलीकडच्या ओघळीतली मेंढरं मान वर करायची. थांबायची हाक वेगळी, वळायची वेगळी. आणि पाण्याची हाक म्हणजे काय विचारता. छातीच्या तळातून निघायची, मधे गिरकी घ्यायची आणि शेवटी वर जाऊन तिथंच थांबायची. "हुर्रऽऽ हो… या गं… पाणीऽऽ." ती ऐकली की चरणारं मेंढरू तोंडातला पाला टाकून धावायचं.

त्याच्या घशात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढायची तर आवाजाची पेटी ठेवता येणार नाही. बिरुदेवनं ते ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "मेंढरं कोन बोलवनार मग?"

सोनालीनं त्याचं उत्तर द्यायचं ठरवलं. चांगला माइक घेऊन ती वस्तीवर गेली, बापाला अंगणात खाटेवर बसवलं.

"मार की दादा हाक."

"कुनाला?"

"कुणाला म्हंजे? हितं, माइकमदी."

"मेंढरं न्हाईत आन् हाक कुनाला मारू? तुला? तू कदी आलीस माझ्या हाकंला?"

मग ती माइक घेऊन कळपामागं गेली. थांबायची हाक मिळाली, वळायची मिळाली. पाण्याची म्हटल्यावर बिरुदेव कळप घेऊन तळ्याकडं चालायला लागला. तळं लांब, ऊन डोक्यावर.

"हितंच मार की दादा."

"हितं पानी हाय का?"

"न्हाय."

"मग? मेंढराला पान्याची खोटी हाक मारायची नसती. एकदा गंडलं की ते परत आपल्यावर इस्वास टाकत न्हाई."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लहान असताना तिनं एकदा गंमत म्हणून ती हाक मारली होती. बिरुदेवनं तिला मारलं नाही, रागावलाही नाही. सगळा कळप आणि ती, अशी वरात त्यानं तळ्यापर्यंत चालवत नेली. हाक तोंडातून गेली होती, ती आता खरी करायला हवी होती. तळ्याच्या काठावर तिचे पाय पोळले होते आणि मेंढरं पाणी पीत होती. एवढंच तिला आठवत होतं. या वेळीही ती माइक घेऊन तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाण्याची हाक तिथं मिळाली.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथून चालू लागला, बोलणं गेलं आणि शीळसुद्धा गेली. मायाक्का त्या भोकावरचं फडकं बदलताना म्हणाली, "जलमभर म्हनलं, जरा गप बसा. देवानं लईच मनावर घेतलं." बिरुदेवचे खांदे हलले. तो हसत होता, पण हसण्याला आवाज नव्हता, म्हणून ती जास्तच रडली.

तो पुन्हा माळावर जाऊ लागला तेव्हा खरी अडचण कळली. टाळी आणि काठी जवळच्या मेंढराला. लांबचं मेंढरू हाकेवर जगतं. मायाक्काची हाक त्या कळपाच्या अंगवळणी नव्हती आणि तिच्या गुडघ्यांनी कधीच माळ सोडला होता. एका दुपारी कळपाचं एक टोक हमरस्त्यावर गेलं. बिरुदेव तोंड उघडून उभा राहिला. ट्रक गेल्यावर रस्त्यावर काही मेंढरं उरली होती, ती उठली नाहीत.

थोरले चुलते आबासाहेब संध्याकाळी आले. त्यांना निर्णयाशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. चहाही ते जाहीर केल्यासारखा पितात. "दिवाळीपत्तूर बघू," ते म्हणाले. "न्हाय जमलं तर मेंढरं देऊन टाकू. मानूस मरायच्या आदी."

मेंढरांशिवायचा बिरुदेव कसा असतो, हे कुणी बघितलेलं नव्हतं. बिरुदेवनंही नाही. तो सोनालीकडं बघत राहिला.

"दिवाळीपत्तूर डबा बोलंल दादा," ती म्हणाली.

मोबाइलवर करून बघितलं होतं. बिरुदेवच्या भेगाळलेल्या अंगठ्याला पडदा दाद देत नव्हता, आणि मोबाइलला जोडलेला स्पीकर मधेच झोपायचा. तो जागा होईपर्यंत मेंढरं अर्धा माळ ओलांडून जायची. म्हणून तिला दाबता येतील अशी बटणं, वर भोंगा आणि आत स्वतःचं डोकं असलेला डबा हवा होता. ईरप्पा शेटनी डेअरीच्या यंत्राचा एक परत आलेला बोर्ड काढून दिला. त्यांचं अर्धं बोलणं कानडीत चालतं आणि ते तिला तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. "घे तंगी. बाई त्यातली गप झाली हाय, बघ तुझा बाप बोलतोय का."

बोर्डावरची आवाजाची चिप वेगळी होती, कारखान्याचा ड्रायव्हर तिला चालेना. सोनालीनं कामावरून आल्यावर माडीवर बसून नवा लिहायला घेतला. आम्हाला खाली ऐकू यायचं ते असं: टकटक, टकटक, शांतता, मग सोनालीचा एक लांब सुस्कारा, मग पुन्हा टकटक. आत्या म्हणायच्या, "जप करते वाटतं."

अखेर मोड्यूल चढलं. कुठलीही तक्रार न करता चढलं. रविवारी ती डबा घेऊन वस्तीवर गेली, कळपासमोर उभी राहिली आणि बटण दाबलं. हाक आली. मेंढरांनी मान वर केली, इकडंतिकडं बघितलं, पुन्हा चरायला लागली.

बिरुदेवनं डब्याकडं बोट केलं, मग स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं आणि नकारार्थी हात हलवला. या आवाजाला मिशी नाही.

मायाक्का मात्र पुतळ्यासारखी उभी होती. "अगं," ती म्हणाली, "ह्यो लग्नातला आवाज हाय. माझ्या लग्नात ह्यो असाच बोलायचा."

चूक घड्याळाची होती. या चिपला कर्नलकडून एक ठरावीक ठेका लागतो, आणि सोनालीच्या मामानं तो थोडा जलद सांगितला होता. त्यामुळं सगळं जरा घाईत आणि जरा वर वाजत होतं. सोलापुरात तिनं हा ड्रायव्हर डेअरीच्या बाईवर तपासला होता, आणि ती बाई मुळातच घाईत असते असं सगळ्यांना वाटायचं. सोनालीनं ठेका दुरुस्त केला. तेव्हा मायाक्का म्हणाली, "त्यो पुसू नगंस. मला ऱ्हाऊ दे." म्हणून डब्यावर तीन हाकांच्या तीन बटणांशेजारी चौथं बटण आलं. त्यात चुकीच्या घड्याळातला, पंचवीस वर्षांचा बिरुदेव होता.

पुढच्या रविवारी सोनालीनं पाण्याच्या हाकेचं बटण दाबलं. तिन्ही हाकांत हीच तिनं तपासायला धरली होती, कारण तीच सगळ्यांत लांब आणि तिच्यातच आवाजाचे सगळे चढउतार होते. ही वाजली की बाकीच्या वाजणारच. हाक माळावरून गेली आणि पलीकडच्या ओघळीतून मेंढरं आली. आली म्हणजे धावत, एकमेकांच्या पाठीवर चढत आली. डब्याभोवती गोळा झाली, एकानं भोंगा चाटला. मायाक्कानं पदर डोळ्यांना लावला. सोनाली कोरड्या मातीत बसली आणि लहान पोरीसारखी हसली.

बिरुदेवनं काठी उचलली आणि तळ्याच्या दिशेनं चालायला लागला.

"दादा, कुटं निगाला? ऊन लई हाय."

त्यानं कळपाकडं हात केला, तळ्याकडं केला.

"आरं टेस्ट होती ती. चाचणी. बस सावलीला." तिनं त्याला हाताला धरून परत आणलं. त्याची तब्येत काय होती, तळं किती लांब, कुठलीही लेक हेच करील. तो बसला. मेंढरं बराच वेळ तिथंच घोटाळली आणि मग पांगली.

एकदा चाललं म्हणजे झालं, असं सोनालीच्या धंद्यात कुणी म्हणत नाही. वाऱ्यात चालतं का, लांबून चालतं का, डबा बंद करून चालू केला तर चालतं का. पहिल्याच अक्षराचा तुकडा खाल्ला जात होता, कारण भोंग्याचं यंत्र जागं व्हायच्या आत चिप बोलायला लागायची. "हुर्र" जाऊन नुसतं "हो" उरायचं. मग मोड्यूलमध्ये थोडं थांबणं घातलं, ते जास्त झालं, कमी केलं. डबा आता वस्तीवरच असायचा. दर रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि दर रविवारी बटण दाबत राहिली. दर रविवारी थोडी कमी मेंढरं आली.

बिरुदेव डब्यावर हात ठेवून मान हलवायचा.

"अजून वरच्या पट्टीत हाय व्हय?"

मान हलायची. नाही.

"मग फुडचं तुटतंय?"

तो कोरड्या मातीची चिमूट उचलून तिच्यापुढं धरायचा. तिला वाटायचं, भोंग्यात धूळ जाते म्हणतोय. तिनं भोंग्याला जाळी लावली. लिहिता येत असतं तर त्यानं एका ओळीत लिहिलं असतं. तोंड असतं तर दोन शब्दांत उरकलं असतं, त्याहून जास्त शब्द तो कधी वापरतच नव्हता. पुढं पुढं त्यानं हात ठेवणंही सोडलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ड्रायव्हर निर्दोष झाला होता. हाक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या उंचीपर्यंत आली, ठेका बरोबर, मिशीसकट. आणि एकही मेंढरू आलं नाही. थांबायची हाक वाजवली, वळायची वाजवली. एका हाकेची पत गेली तशी तिन्हींची गेली होती. सोनाली लॅपटॉप उघडून नोंदी वाचत बसली. कुठं काही चुकलेलं सापडेना.

"कर्नलला काय झालं न्हाय आये," ती म्हणाली. "चिप बराबर हाय. मग ह्यास्नी काय झालंय?"

मायाक्का शेंगा फोडत होती. "तू दर ऐतवारी पान्याची हाक मारतीस. पानी कुटं असतंय?"

सोनालीचे हात थांबले.

"मला वाटलं तुला ठावं हाय," मायाक्का म्हणाली. मग शेंगांकडं बघतच म्हणाली, "तुलाच कशाला बोल लावू. मी बी दाबलंय की. तू सोलापुरात असताना, दुपारी. माजं बटन दाबायचं, आन् मग वाटायचं आताचं बी ऐकावं जरा. आदी ह्यो, मग त्यो. मेंढरं यायची बिचारी. मी म्हनायची, जावा गं, तुमाला न्हाय बोलावलं."

बिरुदेव खांबाला टेकून दोघींकडं बघत होता. रागावला नव्हता. सोनालीला त्या उन्हाच्या दिवशी काठी घेऊन तळ्याकडं निघालेली त्याची पाठ आठवली, आणि आपण त्याला हाताला धरून परत आणलं तेही. पुढं कधी तरी माडीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "टेस्ट म्हंजे हाक न्हाय, असं मला वाटलं. मेंढराला काय ठावं टेस्ट म्हंजे काय." एवढंच म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

आबासाहेबांनी मेंढरांना व्यापारी ठरवला. दिवाळीच्या सुट्टीत कळप न्यायला टेम्पो येणार होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी सोनालीबरोबर मीही वस्तीवर गेले होते. आता तिथं लागलेल्या एका पैजेचं सांगायला हवं.

मला आवाज काढता येतात. आत्यांचा येतो, ईरप्पा शेटचा येतो, आबासाहेबांचा चहा पितानाचासुद्धा येतो. माडीवर ताईच्या लॅपटॉपमधून इतक्या वेळा ऐकून बिरुदेवकाकांची पाण्याची हाक मला शेवटच्या उंचीपर्यंत जमायला लागली होती. गल्लीत मारली की आत्या दचकायच्या आणि भाजीवाला हसायचा. तेव्हा त्या दिवशी वस्तीवर, डब्यातली हाक नीट ऐकल्यावर, मी छातीठोकपणे म्हणाले, "ताई, हा हुबेहूब काकांचा आवाज आहे. फरक असता तर मला कळला असता. आज येतील मेंढरं."

सोनालीताईनं स्वतः विहिरीवरून पाणी आणून माळावरची दगडी डोण काठोकाठ भरली होती. आजची हाक खरी होती.

"न्हाय येणार," ती म्हणाली.

"पैज?"

"काय लावतीस?"

"तूच सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आली तर मी ईरप्पा शेटपुढं त्यांची नक्कल करीन. न्हाय आली तर दादाची हाक तू परत मारायची न्हाईस. गल्लीत न्हाय, कुटंच न्हाय."

मी हातावर हात दिला. फुकटात ईरप्पा शेटची गंमत बघायला मिळणार म्हणून खूशही झाले.

तिनं बटण दाबलं. हाक माळावर पसरली. छातीच्या तळातून निघाली, मधे फिरली, वर जाऊन थांबली. डोणीत पाणी हलत होतं. ओघळीच्या कडेला एका म्हाताऱ्या मेंढीनं डोकं वर केलं. तिनं डब्याकडं बघितलंच नाही. ती बिरुदेवकाकांकडं, त्यांच्या मिटलेल्या तोंडाकडं बघत राहिली. काकांनी दोन्ही हात पुढं केले, डोणीकडं वळवले. मेंढी थोडा वेळ थांबली. मग तिनं मान खाली घातली आणि चरायला लागली.

काकांचे हात तसेच पुढं होते.

मला वाटलं, डब्याला ती ओळखून आहेत, पण माणसाच्या तोंडातून आलेली हाक त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलेली नाही. मी छातीत श्वास भरला, तोंड उघडलं.

"पैज," सोनालीताई म्हणाली, माझ्याकडं न बघता.

मी तोंड मिटलं. काकांनी डोणीतलं पाणी ओंजळीनं घेतलं आणि फडक्यावर न सांडता, हळू, चेहरा धुतला.